बेळगावच्या बोर्डासाठी जाड, गोल अक्षर: कन्नड-मराठी फलक पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात फलक करायला बसलेल्या माणसापुढे पहिल्या कामापासूनच दोन लिप्या असतात, बऱ्याचदा तीन. वर कन्नड, खाली मराठी, कडेला इंग्रजी. पुण्या-कोल्हापुरात डिझाइन शिकून परतलेली मुलं आधी देवनागरी शब्द सजवून घेतात आणि शेवटी उरलेल्या जागेत मिळेल त्या फॉन्टमध्ये कन्नड ओळ बसवतात. नेमकी तीच ओळ फलकावर सर्वांत मोठी असते. मग फलक दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या दिवशी केल्यासारखा दिसतो.

म्हणून हा लेख एका विशिष्ट प्रकारच्या अक्षराबद्दल आहे: जाड, गोलसर, बाळसेदार, खेळकर अक्षर. खेळण्यांचं दुकान, बालवाडी, आइस्क्रीम पार्लर, बारशाची पत्रिका असं काम आलं की सगळे याच अक्षराकडे वळतात, पण ते नीट वापरलेलं क्वचित दिसतं. दोन्ही लिप्यांत ते सारखं कसं उतरवायचं, ते पायरीपायरीने बघू.

आधी अक्षर ओळखा

देवनागरीचं पारंपरिक वळण बोरूच्या, म्हणजे वेताच्या लेखणीच्या, तिरक्या कापातून आलेलं आहे. त्यामुळे एकाच अक्षरात कुठे रेघ जाड, कुठे बारीक, आणि टोकं तिरकी छाटलेली असतात. आपण ज्या अक्षराबद्दल बोलतोय त्यात हे सगळं काढून टाकलेलं असतं. रेघेची जाडी जवळपास सगळीकडे सारखी, टोकं गोल, कोपरे बोथट. शिरोरेषासुद्धा दोन्ही टोकांना गोलावलेली. रेघ जाड असल्यामुळे अक्षराच्या आतली पोकळी लहान होते. अक्षराला गुबगुबीतपणा त्यातूनच येतो आणि वाचायला होणारा त्रासही त्यातूनच. पुढच्या बऱ्याच सूचना या पोकळीभोवतीच फिरणार आहेत.

कन्नड लिपी मुळातच गोल आहे. तिला देवनागरीसारखी सलग शिरोरेषा नाही. बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर स्वतंत्र तलेकट्टु असतो, म्हणजे लहानशी डोक्यावरची रेघ. दुसरा मोठा फरक जोडाक्षरांचा. देवनागरीत बहुतेक जोडाक्षरं शेजारी शेजारी बसतात, कन्नडमध्ये दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली जातं. त्याला ओत्तक्षर म्हणतात. कन्नड ओळीला खाली भरपूर जागा लागते ती त्याच्यामुळे. हे डोक्यात ठेवलं नाही तर फलकाच्या मांडणीत पुढे सगळंच अडतं.

हे अक्षर कुठे शोभतं, कुठे नाही

लहान मुलांशी संबंधित जवळपास सगळीकडे ते चालतं: अंगणवाडीची भिंत, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पडदा, खेळणी, खाऊ, चित्रकला स्पर्धा, बालवाचनालय. खाण्याच्या गोड पदार्थांना ते छान जमतं. कुंद्याच्या डब्यावर हे अक्षर बघा, पदार्थाचा मऊपणा अक्षरात येतो. मांड्याच्या वेष्टनावर मात्र मी ते वापरणार नाही. मांडे पातळ, पापुद्र्याचे, त्यांना हलकं आणि नाजूक अक्षर हवं. सायकलचं दुकान, पाळीव प्राण्यांचं दुकान, केशकर्तनालयातला मुलांचा कोपरा, इथेही चालेल.

सार्वजनिक कामात जरा विचार करावा लागतो. गणेशोत्सव मंडळाने मुलांच्या स्पर्धांचा फलक केला तर हे अक्षर योग्य, पण आरतीच्या वेळा आणि देणगीदारांची यादी याच अक्षरात लावली तर कुणाचं नाव कुठे संपलं ते कळत नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीतल्या चित्ररथावर इतिहासातला प्रसंग उभा केलेला असतो, तिथे गुबगुबीत अक्षर प्रसंगाचं वजन घालवतं. कडोली, येळ्ळूर, उचगाव या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. तिथे बालकवींच्या सत्राची पत्रिका या अक्षरात गोड दिसेल, व्यासपीठामागच्या मुख्य पडद्याला ते हलकं पडेल.

श्रद्धांजली, कोर्टाची किंवा बँकेची नोटीस, दवाखान्याच्या सूचना, औषधाची मात्रा, इथे ते अजिबात नको. आणि कुठल्याही लांब मजकुराला नको. पाच-सहा शब्दांच्या पुढे हे अक्षर दमवतं.

फॉन्ट निवडताना पहिली अट: कन्नड भावंड आहे का

इंग्रजीत गोल, जाड फॉन्ट ढिगाने मिळतात. देवनागरीत मोजके, आणि देवनागरी व कन्नड दोन्हीत एकाच हाताने काढल्यासारखे त्याहून कमी. आपल्या भागात निवडीची सुरुवात त्यामुळे कन्नडपासून करायची.

माझ्या मते पहिली पसंती ‘बलू’ या फॉन्टच्या कुटुंबाला, म्हणजे एकाच धाटणीच्या फॉन्टच्या संचाला, द्यावी. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ते केलं आहे. यात प्रत्येक लिपीसाठी वेगळा फॉन्ट आहे आणि प्रत्येकाबरोबर रोमन अक्षरंही येतात. देवनागरीचा ‘बलू’, कन्नडचा ‘बलू तम्मा’, शिवाय गुजराती, गुरुमुखी, बंगाली, ओडिया, तेलुगू, तमिळ, मल्याळम अशी भावंडं आहेत. देवनागरी सारंग कुलकर्णी यांनी रेखाटली, कन्नड दिव्या कौशिक आणि शुचिता ग्रोव्हर यांनी. वेगवेगळ्या माणसांनी काढूनही सगळ्यांची जाडी, गोलाई आणि स्वभाव एकमेकांना धरून आहे. मूळ ‘बलू’मध्ये एकच जाडी होती. नंतर आलेल्या ‘बलू २’ आणि ‘बलू तम्मा २’ मध्ये पाच जाड्या आहेत: रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड आणि एक्स्ट्राबोल्ड, आकड्यांत ४०० ते ८००. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘२’ असलेलेच फॉन्ट घ्यावेत. कारण पुढे गणितात येईल.

याच संस्थेचा ‘मोदक’ हा आणखी गुबगुबीत फॉन्ट आहे. त्यात अक्षराच्या पोकळ्या इतक्या दाबल्या आहेत की फक्त बारीक फटी उरतात. दोन-तीन अक्षरांच्या शब्दाला तो फार सुंदर दिसतो. पण त्यात फक्त देवनागरी आणि रोमन आहे, कन्नड नाही. त्यामुळे घरच्या बारशाच्या पत्रिकेला घ्या, दुकानाच्या बोर्डाला घेऊ नका.

पत्ता, फोन, वेळ अशा बारीक मजकुराला वेगळा साधा फॉन्ट लागतो. त्यालाही दोन्ही लिप्या हव्यात. ‘अनेक’ कुटुंबात ‘अनेक देवनागरी’ आणि ‘अनेक कन्नड’ आहेत, जाडीबरोबर रुंदीही कमी-जास्त करता येते, त्यामुळे लांबलचक पत्ता अरुंद जागेत बसतो. ‘नोटो सान्स’चे देवनागरी आणि कन्नड फॉन्टही चालतील. एका फलकावर दोनच कुटुंबं: एक नावाला, एक माहितीला.

हे सगळे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली आहेत. म्हणजे धंद्याच्या कामाला वापरता येतात, छापता येतात, फाइलमध्ये घालून देता येतात. फक्त ती फॉन्टची फाइल वेगळी काढून विकता येत नाही. डीटीपीच्या दुकानातून पेनड्राइव्हवर चोरून आणलेले फॉन्ट वापरायची गरजच उरत नाही, आणि ही सवय पहिल्यापासून लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

संगणकावर उतरवणं आणि टाइप करणं

झिप फाइल उतरवली की आत एक मोठी फाइल आणि ‘स्टॅटिक’ नावाचं फोल्डर मिळतं. मोठी फाइल व्हेरिएबल असते, तिच्यात सगळ्या जाड्या एकत्र असतात. कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या २०२० च्या आधीच्या आवृत्त्यांना ती कळत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत जुनंच कोरल आहे, म्हणून स्टॅटिक फोल्डरातल्या सुट्या फाइली बसवाव्यात. फॉन्टची नावं यादीत रोमन अक्षरांत दिसतील.

आता नवख्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट. इथले कित्येक डीटीपी ऑपरेटर मराठीला श्रीलिपी आणि कन्नडला नुडी किंवा बरहा ही टायपिंगची सॉफ्टवेअरं वापरत आले आहेत. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या फॉन्टना कळणाऱ्या एकाच सांकेतिक पद्धतीतला, नसतो. तो निवडून त्याला ‘बलू’ लावलात तर अक्षरांच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसेल. फॉन्ट बिघडलेला नाही, मजकूर बदलायला हवा. थोडाच असेल तर सरळ पुन्हा टाइप करा. मोबाइलवर जीबोर्डमध्ये टाइप करून स्वतःलाच पाठवला तरी चालतं, तो युनिकोडच असतो. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासून असतो, मराठी आणि कन्नड दोन्हींसाठी. त्याचा मोठा फायदा म्हणजे दोन्ही लिप्यांत ‘क’ एकाच कळीवर असतो. मराठी इनस्क्रिप्ट शिकलात की कन्नडचं निम्मं आपोआप येतं.

फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये काम करत असाल आणि पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला पडत असेल, जोडाक्षर फुटत असेल, तर मजकुराच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांसाठीचा पर्याय चालू करा. नव्या फोटोशॉपमध्ये त्याला ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ म्हणतात. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीच करावं लागत नाही, भारतीय लिप्या पहिल्यापासून नीट जुळतात, आणि ते फुकट आहे. ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे त्याने पिक्सेललॅबमध्ये फॉन्टचं फोल्डर जोडून घ्यावं, लहान कामाला पुरतं.

मराठी आहे म्हणून ‘ल’ आणि ‘श’ एकदा तपासा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या लिपीविषयक निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठीचे म्हणून दिले आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी येतं, आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली किंवा पर्यायी अक्षर घेतलं की मराठी वळण मिळतं. ते फॉन्टवर आणि सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. ‘लाल शाल’ असं टाइप करून लगेच बघता येतं. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र नीट येतो का, तेही याच वेळी बघून घ्या.

कन्नड ओळ आधी पक्की करा

मराठी नाव कन्नडमध्ये जसंच्या तसं लिहिलं की झालं, असं नसतं. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही. कन्नडमध्ये तो उच्चारला जातो, म्हणून तिथे कधी हलंत चिन्ह (आपल्याकडे पाय मोडतात तसं) लावतात, कधी उत्तर कर्नाटकातल्या रूढीप्रमाणे तसंच सोडतात. हलंत लावलं की अक्षराच्या उजवीकडे वर एक वळण येतं आणि शब्द रुंद होतो. ‘ए’ आणि ‘ओ’ कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन असतात, आपल्या डोळ्याला तो फरक दिसत नाही. मोबाइलवरचं भाषांतर उचलून तसंच बोर्डावर चढवू नका. कन्नड शाळेत शिकलेला शेजारी, दुकानातला गडी, शिक्षक, कुणाकडून तरी ती ओळ वाचून घ्या आणि त्यांनी सांगितलेलं लिहून घ्या. बेळगावात असा माणूस शोधायला गल्लीच्या बाहेर जावं लागत नाही. कन्नडचं शुद्धलेखन चुकलेला बोर्ड कन्नड वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला लगेच खटकतो, आणि तो राग दुकानदारावर निघतो.

फलकाचं गणित

कर्नाटकात दुकानं, हॉटेलं, दवाखाने, संस्था अशा सगळ्यांच्या नामफलकावर ६० टक्के भाग कन्नड असावा आणि कन्नड मजकूर वरच्या अर्ध्या भागात असावा असा नियम आहे. २०२२ च्या कन्नड भाषेच्या सर्वंकष विकासाच्या कायद्यात २०२४ साली दुरुस्ती करून तो घातला गेला. परवाना काढताना महापालिकेत किंवा नगरपंचायतीत ताजा नियम विचारून घ्याच, पण आखणी याच हिशेबाने करा. छापून झाल्यावर बोर्ड उतरवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

समजा बोर्ड ८ फूट रुंद आणि ४ फूट उंच आहे. उंची ४८ इंच. तिचे ६० टक्के म्हणजे जवळपास २९ इंच कन्नडसाठी, उरलेले १९ इंच मराठी आणि इंग्रजीसाठी.

कन्नडचा पट्टा असा भरतो: वर ३ इंच मोकळे, स्वरचिन्हांना ३ इंच, मुख्य अक्षराला १३, खालच्या ओत्तक्षराला ७ आणि त्याखाली ३ इंच मोकळे. नावात एकही ओत्तक्षर नसेल तर ते ७ इंच अक्षराला देऊन टाका. मराठीच्या १९ इंचांत मात्रा, वेलांटी, रफाराला ३, शिरोरेषेपासून पायापर्यंत ७, उकाराला अडीच, इंग्रजी ओळीला ३ आणि बाकीचे साडेतीन मोकळे. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत, पण पहिल्या आखणीला ते हाताशी ठेवा.

लांबून वाचण्याचा फलकवाल्यांचा ठोकताळा आहे: अक्षराची उंची १ इंच असेल तर साधारण १० फुटांवरून ते आरामात वाचता येतं. तो मूळचा रोमन कॅपिटल अक्षरांचा. देवनागरीला लावताना मात्रा-उकार सोडून फक्त शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची मोजा. आपलं मराठी अक्षर ७ इंचांचं, म्हणजे ७० फुटांवरून सुखाने वाचता येईल. खडेबाजारसारख्या अरुंद रस्त्यावर ते भरपूर झालं. हायवेवरच्या ढाब्याला पुरणार नाही.

आता ती पाच जाड्यांची गोष्ट. कन्नड १३ इंच आणि मराठी ७ इंच. दोन्ही एक्स्ट्राबोल्डमध्ये लावले तर कन्नडची रेघ मराठीच्या जवळपास दुप्पट जाड होईल आणि मराठी ओळ खाली अंग चोरून बसल्यासारखी दिसेल. म्हणून मोठ्या ओळीला हलकी जाडी घ्या आणि लहान ओळीला भारी: कन्नडला ‘बलू तम्मा २’ सेमीबोल्ड, मराठीला ‘बलू २’ एक्स्ट्राबोल्ड. रेघांची जाडी एकमेकींच्या जवळ येते, आणि आकार वेगळे असूनही दोन्ही ओळी एका घरातल्या वाटतात. या एका युक्तीने आपल्याकडचे अर्धेअधिक बोर्ड सुधारतील.

डब्यावर, पत्रिकेवर, टी-शर्टवर दोन्ही लिप्या एकाच ओळीत शेजारी येत असतील तर देवनागरीची शिरोरेषा आणि कन्नडचा तलेकट्टु एका पातळीवर आणा. तिथे जाडी दोन्हींना एकच ठेवा. मग डोळ्याने बघून कन्नड थोडं लहान-मोठं करा. कन्नड अक्षरं रुंद असतात, त्यामुळे सारख्या आकारातही ती मोठी भासतात.

मांडताना हात कुठे आवरायचा

शब्द जागेत बसत नाही म्हणून तो आडवा ताणू नका, उभाही नाही. ताणलं की उभ्या रेघा जाड, आडव्या बारीक होतात आणि गोल टोकं अंडाकृती दिसतात. या अक्षराचं सगळं रूप त्या टोकांत आहे. आकार कमी करा, एक जाडी खाली या, किंवा नाव दोन ओळींत तोडा.

देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषेला फटी पडतात. कन्नडमध्ये थोडं वाढवलं तर चालतं. ओळींमधलं आपोआप मिळणारं अंतर या फॉन्टमध्ये सढळ असतं, मोठ्या बोर्डावर ते सैल वाटतं. कमी करा, पण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकणार नाही इतपतच. खोटा तिरका आणि खोटा बोल्ड, दोन्ही बटणं विसरून जा.

गिऱ्हाईक हमखास म्हणणार, “लांबनं दिसायला पायजे बघा, बॉर्डर मारा की.” अशा वेळी त्यांना दोन्ही करून दाखवा. जाड अक्षराला बाहेरून-आतून कडा दिली की आधीच लहान असलेली पोकळी बुजते, आणि ‘ष’, ‘ण’, ‘क्ष’, ‘द्ध’ ही अक्षरं गोळा होतात. कडा द्यायचीच असेल तर ती अक्षराच्या मागे द्या. कोरलमध्ये कडेच्या सेटिंगमध्ये ‘बिहाइंड फिल’ पर्याय आहे, इलस्ट्रेटरमध्ये अपिअरन्स पॅनेलमध्ये कडा भरणीच्या खाली ओढा. सावली एकच, एका बाजूला. रंग ओतून केलेला चकचकीतपणा नको. सपाट रंगातच हे अक्षर सर्वांत ताजं दिसतं.

रंगाबाबत माझं मत ठाम आहे: कन्नड आणि मराठी ओळींना एकच रंग द्या. आपल्या भागात रंगाला लगेच अर्थ चिकटतो, आणि एक ओळ झळाळती, दुसरी फिकी केली की बघणाऱ्याला त्यात काहीतरी सांगितल्यासारखं वाटतं. दोन्ही भाषांची गिऱ्हाइकं त्याच दारातून आत येतात. पिवळ्यावर गडद निळा, पांढऱ्यावर गडद लाल, गडद हिरव्यावर पांढरा, यांतलं काहीही घ्या, पण अक्षर आणि मागचा रंग यांत उजेड-अंधाराचा भरपूर फरक हवा.

छापण्यापूर्वीची तपासणी

फलक ए-फोर कागदावर छापून भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे किलकिले करून बघा. नंतर तोच फोटो मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. जाड अक्षरात काही जोड्या एकमेकींसारख्या दिसायला लागतात: ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’, ‘ष’ आणि ‘प’, ‘ख’ आणि ‘रव’. भ आणि ध यांची ओळख त्यांच्या डोक्यावरच्या तुटलेल्या शिरोरेषेत असते, आणि दुरून तीच फट आधी मिटते. नावात अशी अक्षरं असतील तर एक जाडी खाली या. कन्नड ओळ पुन्हा त्याच वाचणाऱ्या माणसाला दाखवा, कारण मजकूर इकडून तिकडे नेताना ओत्तक्षर तुटण्याची शक्यता असते.

कशावर उतरवणार

प्लास्टिकच्या फ्लेक्सवर कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे. तरी ते सगळीकडे दिसतं. तुम्ही नव्याने काम सुरू करत असाल तर कापड आणि रंगकाम शिकून घ्या. हे अक्षर हातरंगाला फार सोयीचं आहे. त्यात बारीक केसासारख्या रेघा नाहीत, त्यामुळे कापडावर रंग थोडा पसरला तरी रूप जात नाही. आणि गोल टोक ब्रशने एका वळणात येतं. पद्धत साधी आहे. अक्षरं खऱ्या मापाच्या कागदावर छापून घ्या, बाह्यरेषेवर सुईने जवळजवळ भोकं पाडा, कागद भिंतीवर किंवा कापडावर धरून वरून खडूची पूड चोपडा. ठिपक्यांची रेघ उमटते, ती जोडून आत रंग भरा. अंगणवाडीच्या भिंतीला हीच पद्धत वापरा. गावात अजून जुने पेंटर आहेत, त्यांच्या हाताखाली बसून ब्रश कसा फिरवायचा ते बघून घ्या.

एसीपी शीटवर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या थरांच्या पत्र्यावर, अ‍ॅक्रिलिकची उठावाची अक्षरं करायची असतील तर दोन लिप्यांचा फरक पुन्हा समोर येतो. देवनागरीत शिरोरेषेने शब्द जोडलेला असतो, म्हणून बहुतेक शब्द एकाच तुकड्यात कापता येतो. ‘ध’, ‘थ’, ‘भ’ आले की तिथे शब्द तुटू शकतो, अनुस्वार तर नेहमीच वेगळा पडतो. कन्नडमध्ये प्रत्येक अक्षर सुटं, शिवाय ओत्तक्षर वेगळं. तुकडे जास्त, चिकटवायला वेळ जास्त, आणि एखादा तुकडा निखळला तर अर्थच बदलतो. दर सांगताना हे मोजून सांगा, आणि चिकटवणाऱ्याला खऱ्या मापाचा छापील कागद द्या म्हणजे प्रत्येक तुकडा आपल्या जागी बसेल. कापणाऱ्या यंत्राचं पातं गोल असल्याने आतले कोपरे तसेही गोलावतात. धारदार कोपऱ्यांच्या फॉन्टला ते मारक ठरतं, या फॉन्टला नाही. आत एलईडी घालायचे असतील तर रेघेची जाडी दिव्याच्या पट्टीपेक्षा रुंद आहे ना, हे आधी मोजा. मराठी ओळ लहान असल्याने अडचण तिथेच येते.

फाइल देताना

छापणाऱ्याकडे तुमचे फॉन्ट नसतात. म्हणून एक प्रत कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून, द्या. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स, इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ. कर्व्ह केल्यावर पुन्हा एकदा सगळी वेलांटी-उकार, अनुस्वार आणि ओत्तक्षरं नजरेखालून घाला, आणि त्याबरोबर एक पीडीएफ पाठवा म्हणजे समोरच्याला तुलना करता येईल. मजकूर बदलता येईल अशी मूळ प्रत मात्र फॉन्टच्या फाइलींसह स्वतःकडे ठेवा. दुकानदार वर्षभराने फोन नंबर बदलून मागतोच, आणि कधी शेजारच्या गाळ्यात शाखा काढून तोच बोर्ड वेगळ्या मापात मागतो. फाइलच्या नावात दुकानाचं नाव, माप आणि तारीख लिहा. फॉन्टचं नाव आणि दोन्ही ओळींची जाडीही एका कोपऱ्यात नोंदवून ठेवा.